शांत मुलांची खोली

सांगली, सोमवार, ४ फेब्रुवारी १९४६

आज खोली उघडली. वखारीसमोरच्या त्या लांबट खोलीच्या आढ्याला जुन्या लुगड्यांच्या सहा झोळ्या टांगल्या, कोपऱ्यात माठ ठेवला. सकाळी बायका हळद निवडायला वखारीत शिरण्याआधी आपापली पोरं आमच्या हातात देऊन गेल्या. सहा पोरं. सहाही रडत होती.

हे काम मी मागून घेतलं आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? गेल्या हंगामात महिला मंडळातर्फे वखार बघायला गेले होते. पोत्यांच्या आडोशाला तान्ही मुलं निजवलेली, त्यांच्या पापण्यांवर, नाकपुड्यांत पिवळी धूळ. एक मूल खोकत होतं आणि त्याच्या लाळेलाही हळदीचा रंग होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वर्षभर अध्यक्ष पद्माताईंचा पिच्छा पुरवला, तेव्हा मंडळानं पाडव्यापर्यंतची मुदत दिली. चाललं तर पुढे चालवू, नाही तर झोळ्या गुंडाळायच्या. म्हणजे पोरं पुन्हा पोत्यांच्या आडोशाला.

मदतीला अंबूबाई आहे. पन्नाशीची, कडेगावकडची, पूर्वी ह्याच वखारीत होती. गुडघे धरले म्हणून काम सोडलं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती झोका देते आणि हातांनी तांदूळ निवडत बसते. मी विचारलं, "अगं, इतकी रडतात, काय करायचं?" म्हणाली, "पोरं हाईत, रडायचीच. तुमालाच सोसायचं न्हाई, बाई."

आमच्या घरात पाळणा एकच हिवाळा हलला, साताऱ्याला असताना. तो थांबला तेव्हा मी रडले नव्हते. आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असं सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि गेला नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या चारचौघींत त्याचं कौतुक करत. हे इथं का लिहिलं कोण जाणे. खोलीबद्दल लिहायला बसले होते.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

खोलीचे मालक बाळासो, हळदीचे अडते. शेजारच्याच ओसरीवर त्यांचे सौदे चालतात. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून सांगायचा. आज ते आमच्या दारात येऊन उभे राहिले, वहाणा न काढता.

"बाई, तुमचं काम पुण्याचं हाय, मी कुठं न्हाई म्हनतोय. पर समोरचा दोन बोटं दाबतोय का तीन, ह्येच मला कळंना झालंय."

"बोटांचा आणि कानांचा काय संबंध?"

"तुमी माझ्या जागी बसून बगा. सहा पोरं एका सुरात लागली की मानसाचं बोट बी बिचकतं."

अंबूबाई तोंडाला पदर लावून हसली. ते हसले नाहीत. पाडव्यापर्यंत बघतो, तोवर असंच चाललं तर खोलीत पोती भरीन, असं सांगून गेले.

मी अंबूबाईला म्हटलं, "काहीतरी करायला हवं. हा आवाज बंद झाला नाही तर आपणच बंद होऊ."

"मी बगते," ती म्हणाली. "पोरं गप करायची म्हंजी काय डोंगूर उचलायचा न्हाई."

माझा विश्वास नियमितपणावर आहे. उद्यापासून दूध, आंघोळ, झोप, सगळं ठरल्या वेळी. आणि गाणी.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

बालसंगोपनावरचं एक छोटं इंग्रजी पुस्तक मंडळानं मला भाषांतराला दिलं आहे. आज एका वाक्यावर अडले. शहाणी दाई म्हणे मुलाचं रडणं त्याची सवय होण्याआधीच क्वेल करते. संध्याकाळी ह्यांना विचारलं. हायस्कुलात इंग्रजी शिकवून शिकवून ह्यांच्यापाशी प्रत्येक शब्दाचा अर्थ तयारच असतो.

"बंड मोडणे," मान वर न करता म्हणाले.

"सहा महिन्यांचं मूल आहे हो."

"मग बंडच."

मग मोठा कोश काढला आणि कंदिलाखाली दोघंही त्यावर वाकलो. दंगा क्वेल करतात. भीती, शंका, मनातला राग, पोटातली कळ, उठलेली प्रजा, सगळ्यांना तेच एक क्रियापद. मी म्हटलं, आपल्याकडे आग विझवतात, तहान भागवतात, बंड मोडतात, भीती घालवतात आणि मुलाला उगी करतात. बंडाला कुणी उगी करत नाही आणि मुलाला कुणी मोडत नाही. इंग्रजांचं एका शब्दात कसं भागतं?

"एवढं राज्य चालवायचं तर कुठेतरी काटकसर हवी," हे म्हणाले.

कोशात शेवटी बारीक अक्षरात त्या शब्दाचा जुना अर्थ दिला होता: जिवे मारणे. कित्येक शतकांपूर्वी तोच मूळ अर्थ होता म्हणे. झिजत झिजत तो शांत करण्यापर्यंत आला. वाचून मला बरंच वाटलं. वय झालं की शब्दसुद्धा मवाळ होतात.

तूर्त लिहिलं आहे: 'शहाणी दाई मुलाचं रडणं सवय होण्याआधीच शमवते.' ह्यांना ते फार संस्कृत वाटलं. 'दाबते' म्हण, म्हणाले. मी म्हटलं, दाबायला ते काय गळू आहे?

बुधवार, २० फेब्रुवारी

आठवडाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच आज लिहायचं आहे. खोली शांत झाली.

मला स्वतःलाच खरं वाटत नाही. झोळीत घातलेली पोरं दुपारपर्यंत कूस बदलत नाहीत. दूध थोडंच लागतं. लंगोट धुवायचे ते निम्म्यावर आले. माझी गाणी आणि ठरलेल्या वेळा, ह्यांचा गुण इतक्या लवकर येईल असं पुस्तकानंही म्हटलं नव्हतं.

अंबूबाईनंही मनावर घेतलं आहे. सकाळी दारात उभी राहून ती प्रत्येकीला हळूच विचारते, "दिलं का?" आणि त्या मान हलवून म्हणतात, "दिलं." कामाला जाण्याआधी पोटभर पाजा, असं मी सांगितलं होतं, ती ते रोज विचारून घेते. मी नसतं विचारलं.

सर्वांत गुणाची हौसा. बनुबाईची मुलगी, सात महिन्यांची. बाप नाथाजी पलटणीत, मलायाकडे. लढाई संपून इतके महिने झाले तरी अजून सुटून आलेला नाही, म्हणजे त्यानं मुलीला पाहिलेलंच नाही. हौसा जागी असली तरी नुसती आढ्याकडे बघत पडते, मधूनच मुठीनं नाक चोळते. डोळे इतके निवळ की बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक दिसतात. खोलीत उजेड चांगला आहे त्याचा हा परिणाम असावा.

एकटा ज्ञानू तेवढा रडतो. त्याच्या आईला आज टोकलं तर म्हणाली, "माज्या पोराला तसली सवय न्हाई लावायची मला." कसली सवय, शिस्तीची? काही आयांना मुलाच्या हट्टाचाही अभिमान असतो.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

मुंबईतल्या नाविकांच्या बंडाच्या बातम्या गेला आठवडाभर येत होत्या. ते आता थांबलं. काल ह्यांनी इंग्रजी वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "घे, तुझं क्रियापद."

"माणसं किती गेली?" मी विचारलं.

"ते त्या क्रियापदात येत नाही. त्याला दुसरं वाक्य लागतं."

आज शाळा सुटल्यावर खोली बघायला आले. वहाणा बाहेर काढून, हात मागे बांधून, एकेका झोळीपाशी वाकून बघत फिरले. मला वाटलं होतं, काहीतरी चांगलं बोलतील.

"फार शांत आहे," म्हणाले.

"मग?"

"काही नाही. इतकी शांतता मी परीक्षेच्या दिवशीच बघतो, आणि तेव्हा मुलं घाबरलेली असतात."

मला राग आला. घरात पेन्सिल खाली पडली तरी ह्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि इथं येऊन म्हणे फार शांत आहे. रात्री भाजीत मीठ कमी पडलं. मी मुद्दाम केलं नव्हतं.

मंगळवार, १९ मार्च

होळीनंतर आज सगळी पोरं परत आली आणि कुणीतरी खोलीवर जादूटोणा केल्यासारखं झालं. सकाळपासून किंचाळताहेत. नाकं गळताहेत, एकसारख्या जांभया देताहेत, दोघांना जुलाब. हौसाचे हातपाय थरथरत होते आणि अंगावर घेतलं तरी ती धनुष्यासारखी मागे वाकत होती. सणाचे लाड, दुसरं काय? पुरणाचं बोट चाटवलं असणार, मांडीवरून खाली ठेवलं नसणार. महिन्याची शिस्त दोन दिवसांत मोडली.

"दोन दिस दुकान बंद हुतं, बाई," अंबूबाई म्हणाली. "उद्यापासनं हुईल नीट." कुठल्या दुकानाबद्दल बोलत होती कळलं नाही. दूध तर गवळी खोलीवर आणून घालतो.

बाळासो येऊन उभे राहिले. खांद्यावरचा रुमाल काढून दाखवला.

आणि नेमक्या येत्या शनिवारी पद्माताई पाहुण्यांना घेऊन खोली बघायला यायच्या आहेत. पुढे चालवायचं की नाही ते त्यावरच ठरणार. मी अंबूबाईला बसवून सांगितलं, "शनिवारी कुणाचा चकार शब्द ऐकू येता कामा नये. काय वाटेल ते कर."

"काय वाटंल ते?"

"काय वाटेल ते."

"व्हय, बाई," ती म्हणाली. आपल्याला सांगेल ते काम करणारं माणूस मिळालं हे माझं नशीब.

शनिवार, २३ मार्च

आल्या, बघितलं, गेल्या. दुपारी खोलीतच बसून हे लिहिते आहे, कारण मला दम धरवत नाही. पद्माताईंबरोबर चार पाहुण्या होत्या. सहाही झोळ्या स्थिर. ज्ञानूसुद्धा. एक पाहुणी कुजबुजत म्हणाली, "देवघरात आल्यासारखं वाटतं." पद्माताईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "विनोदिनीबाई, मंडळाचं पत्र आलंच समजा." जाताना सगळ्या चवड्यांवर चालत गेल्या.

हौसा अजून उठलेली नाही. आज झोप लांबली आहे. तिच्या वाटचं दूध झाकून ठेवलं आहे.

रविवार, २४ मार्च

कालचं लिहायला हवं.

दिवेलागणीच्या आधी बनुबाई कामावरून आली. हातपाय पिवळे, पदरानं तोंड पुसत. झोळीत हात घालून तिनं हौसाला उचललं आणि मुलीची मान मागे पडली. ओठ निळसर. श्वास चालू होता, पण एक आला की दुसरा येईपर्यंत आपण आपला धरून ठेवावा इतका उशीर.

"हौसे. आगं हौसे," ती तिचे गाल थोपटत म्हणाली. मग अंबूबाईकडे बघितलं. "मावशे, तू बी दिलीस व्हय?"

अंबूबाई खाली बसली. "आज समद्यास्नी दिली. बाईंनी सांगितलं हुतं आवाज नगं."

"पर मी सकाळी दिली हुती की. तुला सांगितलं न्हवतं दिली म्हनून?"

"सनापासनं पोरं लय पेटली हुती. मला वाटलं, तू दिल्याली निम्मी पुरायची न्हाई."

मी दोघींच्या तोंडाकडे बघत होते. "काय दिली?" मी विचारलं. आणि त्या दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी विचारलं होतं की हळद पिवळी का असते.

बाळगोळी. अफूची. सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते. एवढीशी, दुधात उगाळून बोटानं चाटवायची.

आमच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते धोतराचा सोगा हातात धरून धावत आले. त्यांनी हौसाची पापणी वर केली आणि मला म्हणाले, "बघा. बाहुली मोहरीएवढी झाली आहे." हे शब्द माझ्या अक्षरात इथं मागच्या एका पानावर आहेत. आज परत वाचून बघितले.

झोपू द्यायचं नाही, एवढंच तात्या सांगत राहिले. ओल्या फडक्यानं तळपाय चोळा. चिमटे काढा. छाती दाबून श्वास चालू ठेवा. कडू काळी कॉफी चमच्यानं थेंब थेंब. बनुबाई पोरीला खांद्यावर टाकून खोलीभर फिरत होती, ती थकली की मी, मी थकले की अंबूबाई. तिच्या हातात मूल द्यावं की नाही असा माझ्या मनात प्रश्न आला. बनुबाईच्या आला नाही; तिनं दिलं.

मी हौसाच्या तळपायावर मारत होते. आधी हलक्या हातानं, मग जोरानं. रड, म्हणत होते. महिनाभर जे होऊ नये म्हणून गाणी म्हटली, ते व्हावं म्हणून मी एका सात महिन्यांच्या मुलीला मारत होते. शेवटी तिनं तोंड वाकडं केलं. आवाज नव्हता. मग मांजरीच्या पिलासारखा एक बारीक सूर आला आणि तात्या भिंतीला टेकून बसले.

आज सकाळी तिनं दूध घेतलं. बाकीची पोरं सुस्त आहेत, पण धोका नाही. अंबूबाईला मी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

बुधवार, २७ मार्च

बनुबाई आता पोरीला घेऊन वखारीत बसते, असं कळलं.

तात्यांकडे गेले होते. म्हटलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? ते म्हणाले, "वहिनी, ह्या बाजूला कामकरी बाईचं पोर दिवसा निजलेलं दिसलं की मी काय समजायचं? मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक असेल. तुम्ही रोज तिथं बसत होता." त्यांनी हे काही लागावं म्हणून म्हटलं नाही, म्हणूनच लागलं.

संध्याकाळी पद्माताई घरी आल्या. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी बांगडी फिरवत विचारलं.

"मूल वाचलं ना?"

"वाचलं."

"मग ह्यात बोलण्यासारखं काय आहे? ती बाई गेली, विषय मिटला. पत्र तयार आहे. आया आपल्या घरी काय चाटवतात ते आपण कुठं बघायला जायचं? खोली आहे तशी शांत ठेवा म्हणजे झालं. बाळासोही खूश आहेत."

मला हायसं वाटलं. लपवत नाही. त्या गेल्यावर मी दोन घास जेवले, चार दिवसांत पहिल्यांदा. मग भांडी घासताना मनात आलं, शांत ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि हातातलं पातेलं तसंच घेऊन मी कितीतरी वेळ मोरीवर उभी राहिले.

हे आत आले. पातेलं माझ्या हातातून काढून विसळून ठेवलं.

शनिवार, ३० मार्च

आज अंबूबाईच्या झोपडीवर गेले. तिनं पोतं झटकून बसायला दिलं, गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं.

"रागवायला आला असशीला तर रागवा," ती म्हणाली.

"एवढंच विचारायला आले, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तुमी म्हनला, काय वाटंल ते कर."

"मी फक्त शांतता मागितली होती, अंबूबाई."

"तीच दिली की." मग चुलीकडे बघत, "वखारीत पोर रडलं की मुकादम म्हनतो, त्येला तरी गप कर न्हाई तर तू तरी घरी जा. मग काय करायचं? माजी चार पोरं ह्येच्यावरच मोठी झाली. एक न्हाई झालं. पर ते कशानं गेलं ते कुनी सांगावं. तवा कुनी इचारलं न्हाई, आन मी बी न्हाई कुनाला इचारलं."

मी विचारलं, ते मूल गेलं तेव्हा किती मोठं होतं? तिनं हातांनी दाखवलं, हौसाएवढं. मी तिला कामावर परत या म्हणायला गेले होते का, हे जाताना मला ठाऊक नव्हतं. उठताना म्हटलं, "सोमवारी या. पण आता गोळी नाही. घरी नाही, खोलीत नाही."

"लय रडतील, बाई. चार-पाच दिस घर डोक्यावर घेतील. बाळासो सोसायचं न्हाईत."

"नाही सोसणार."

"आन तुमी?"



मंगळवार, २ एप्रिल

उद्या पाडवा. काल दारात उभी राहून प्रत्येकीला सांगितलं: ज्यांनी गोळी दिली असेल त्यांनी उद्यापासून देऊ नये. तात्यांनी सांगितलं आहे, सवय मोडेपर्यंत ते रोज एक चक्कर मारतील. बायका ऐकून घेत होत्या. मग एक म्हणाली, "बाई, तुमचं बराबर हाय. पर दिसभर वाकून हळद निवडायची आन घरी जाऊन रातभर पोर घिऊन बसायचं, तर सकाळी उठायचं कुनी? तुमी येनार हाय?" दुसरी म्हणाली, "न्हाई झोपलं पोर तर माजी सासू मलाच चाटवंल." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण आज तीनच पोरं आली. ज्ञानू धरून. हौसा नाही.

तीन पोरांनीच सहांचा आवाज केला. दुपारी बाळासो आले. वाईट वाटत होतं त्यांना, ते दिसत होतं. "बाई, मी सनाच्या तोंडावर कुनाला जा म्हनत न्हाई. आठ दिस घ्या."

पद्माताईंना चिठ्ठी पाठवली, पत्र देऊ नका, खोली शांत राहणार नाही. त्यांनी निरोप पाठवला, तुम्ही सगळं हातानं मोडलंत. मोडलं खरं. ह्या तिघांना घेऊन कुठं जायचं? आणि उरलेली तीन आज पुन्हा पोत्यांच्या आडोशाला असणार, हे मी कशासाठी केलं?

जेवताना हे सगळं मी ह्यांना सांगत होते. हे भात कालवत होते. म्हणाले, "माझी अभ्यासाची खोली घे. आढं मजबूत आहे."

"आणि तुम्ही?"

"पडवीत बसेन. पेपर तपासायला टेबल कशाला लागतं?"

"पेन्सिल पडली तरी तुम्हाला सोसत नाही."

"पेन्सिल उगाच पडते," हे म्हणाले. "ताक वाढ."

शुक्रवार, ५ एप्रिल

झोळ्या घरी टांगल्या. वखार इथून हाकेच्या अंतरावर नाही, म्हणून अंबूबाई दुपारी पोरांना एकेक करून पाजायला घेऊन जाते आणि आणते. गुडघे दुखतात, तरी. शेजारच्या काकू काल विचारून गेल्या, घरात काय कोंबड्या कापता का?

भाषांतर पुरं केलं. ते वाक्य गाळलं. हे म्हणाले, मूळ लेखकाशी ही बेइमानी आहे. मी म्हटलं, असू दे. तर म्हणाले, निदान समासात एक खूण तरी कर, की इथं काहीतरी होतं. तेवढी केली.

सोमवार, ८ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर बनुबाई उभी. हौसा खांद्यावर. किती वेळ उभी होती कोण जाणे. कडी वाजवली नव्हती. हौसाचं नाक लाल, अंग थरथरत होतं.

"परवापासनं दिली न्हाई," ती म्हणाली. "दोन राती आमी दोगी बी बसून हाय. मुकादमानं आज हाकलली. पोर ठिवून ये म्हनला, न्हाई तर येऊ नगस." मी हात पुढे केले. तिनं दिली नाही. "बाई, तुमच्या खोलीत माजी पोर मरायला टेकली हुती."

"हो."

"तुमास्नी ठाव न्हवतं म्हनत्यात."

"नव्हतं."

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "तरी मी दिली." मग पोरगी माझ्या हातात ठेवली आणि मागे न बघता निघून गेली.

हौसा सकाळभर रडली. मी गाणं म्हटलं नाही, झोळीत घातलं नाही. ह्यांच्या खोलीतल्या रिकाम्या फडताळाला पाठ टेकून तिला घेऊन बसले. ती रडत होती आणि मी नुसती ऐकत होते. इतका वेळ कुणाचं रडणं मी आजवर ऐकून घेतलेलं नाही. तिच्या अंगड्याला आईच्या पदराच्या हळदीची धूळ असते, ती डोळ्यांत गेली असावी. सकाळभर माझ्या डोळ्यांचं पाणी थांबेना. हे पडवीतून उठून दाराशी आले, बघितलं, म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "हळद." ते आत आले, पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि जेवायची वेळ होईपर्यंत उठले नाहीत.

दुपारी अंबूबाई ज्ञानूला घेऊन पुढे झाली, म्हणून हौसाला मीच वखारीवर नेलं. ती वाटभर रडत होती, लोक वळून बघत होते. बाळासोंच्या ओसरीवर रुमालाखालचे हात थबकले. वखारीच्या दारात धुळीतून दहा-बारा पिवळ्या बायका एका रांगेत वाकलेल्या दिसत होत्या, आणि त्यांतली एक आम्ही रस्त्यापलीकडे असतानाच ताठ उभी राहिली. मी पोचेपर्यंत ती दाराशी आली होती.

"मला वाटलं, दुसऱ्या कुनाचं हाय," बनुबाई म्हणाली. "घरात बारीक रडायची, मी लगीच पदराखाली घ्यायची, शेजारच्यास्नी तरास नगं म्हनून. हिचा आवाज असा हाय व्हय?"

मी हौसाला पुढे केलं. पाजायची वेळ टळून गेली होती, मुकादम आतून बघत होता. बनुबाईनं पदर सोडला, पण मुलीला घेतलं नाही. तिथंच उंबऱ्यावर बसली, मान एका बाजूला कलती करून.

"ऱ्हाऊ द्या वाईच," ती म्हणाली. "ऐकू द्या."